मौलाली मिस्त्रीचा वाकडा कोपरा

तर मिस्त्रीनं ख्वाजाला भर बंधाऱ्यावर, वीस-पंचवीस गड्यांच्या देखत, थापी खाली ठेवायला लावली, इथवर काल गोष्ट आली होती. गवंड्याला थापी खाली ठेव म्हटलं की पुढं बोलायचं काही उरत नाही. ख्वाजानं थापी घमेल्यात टाकली, डोक्याचा टॉवेल झटकला आणि सरळ मलकापूरच्या रस्त्याला लागला.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच, की हे साल पासष्टचं. खेरवाडीच्या नदीवरचा बंधारा नुकता पुरा होत आला होता. मौलाली हा त्या कामावरचा मुख्य गवंडी, आणि ख्वाजा त्याचा सख्खा मेव्हणा. हुसेनबीचा, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा, पाठचा भाऊ. आता मेव्हण्याला असं घालवून देणं म्हणजे घरात जेवायचे वांधे. पण मिस्त्रीपुढं इलाज नव्हता. तो चार दिवस तापानं अंथरुणात पडला होता आणि पाऊस तोंडावर आला होता. काठाकडच्या शेवटच्या मोरीच्या बुडाशी थोडं काम राहिलं होतं, ते ख्वाजानं आपल्या अकलेनं उरकलं. उरकलं म्हणजे काय, जो दगड हाताला लागेल तो बसवला. एक पुढं आला, एक मागं राहिला, एक तिरका, एक बसका, मधे भांड्यासारखे खळगे. मिस्त्री ताप उतरून कामावर येतो तोवर नदीचं पाणी त्या कोपऱ्याला लागलं होतं. फोडून परत करायची सोय नव्हती.

आता आपल्याकडचा बंधारा कसा असतो ते ज्यानं बघितलं नाही त्यानं ध्यानात घ्यावं. नदीत आडवी दगडी खांबांची रांग. दोन खांबांच्या मधल्या वाटेला मोरी म्हणायचं. मोरीच्या तळाला दगडी उंबरा, नदीच्या तळापेक्षा दोन-अडीच हात उंच. पावसाळा सरला की मोऱ्यांत लाकडी बरगे घालायचे, पाणी अडवायचं. मिरगाच्या आधी बरगे काढायचे, नदी मोकळी करायची. खांब आणि उंबरा चांगला साधला तर बंधारा पिढ्यान् पिढ्या टिकतो, आणि ते साधायला मौलालीसारखा हात लागतो.

तो हात बापाकडून आला होता. बाप विहिरी बांधायचा. मौलाली शाळेत दुसरीपर्यंत गेला, अंक शिकला आणि ओळंबा हातात घेऊन बापाच्या मागं विहिरीत उतरला, तो वर आला तेव्हा त्याला मिशा फुटल्या होत्या. काळा दगड असा घडायचा, की बघणाऱ्याला वाटावं साबणाची वडी कापलीय. सांधा बसला की हुसेनबीच्या डोक्याचा एक केस त्यात घालून बघायचा. केस आत गेला तर दगड उचलायचा आणि परत टाकी घ्यायची. घरात त्यांची बोली दखनी, पण आपण मराठीतच सांगू, हुसेनबी आल्यागेल्याला म्हणायची, "ह्या माणसाच्या बांधकामापायी माझी येणी उंदराच्या शेपटीएवढी झाली."

अशा माणसाच्या बंधाऱ्याला ख्वाजाचा तसला कोपरा चिकटला. मिस्त्रीला तो पायात काटा मोडल्यासारखा सलायचा. कुणी बंधारा बघायला आला की मिस्त्री त्याला बोलत बोलत दुसऱ्या टोकाला घेऊन जायचा.

पण त्या वर्षी कोपऱ्याकडं बघायला कुणाला सवड होती? मिरगाचं पाणी आलं, नदी फुगली, आणि बंधाऱ्याखाली मासाच मासा झाला. मळ्या म्हणू नका, वांब म्हणू नका, हातभर लांबीचे खडस. उंबऱ्याखाली असे दाटले होते, की पाटी बुडवायची आणि भरून वर काढायची. खेरवाडीच काय, आजूबाजूच्या वाड्यांनी तीन दिवस दुसरं कालवण केलं नाही. पाणी सोसायटीचे चेअरमन आकाराम यांनी मिस्त्रीला भर चावडीत हार घातला. म्हणाले, "मिस्त्री, तू बंधारा न्हाय बांधलास, गावाला ताट वाढलंस." मिस्त्री हार घालूनच सायकलवरून मलकापूरला घरी गेला, वाटेत कुणी विचारावं म्हणून. हुसेनबीनं तीन दिवस गाबोळी तळली. एकेका माशाच्या पोटात मूठमूठ अंडी होती.

दुसऱ्या वर्षी पाट्या निम्म्याच भरल्या. तिसऱ्या वर्षी पाटीचा तळ झाकला तरी खूप. त्याचं फार कुणी मनावर घेतलं नाही. काठाला ऊस उभा राहिला होता, गव्हाला पाणी मिळत होतं. भूकंपाच्या साली, म्हणजे सदुसष्टला, मलकापुरातल्या भिंती हादरल्या तेव्हा मिस्त्री घर बघायचं सोडून पहिला सायकल मारत बंधाऱ्यावर गेला. एकेक सांधा बघितला. केस काही आत गेला नाही. परत येताना गडी शीळ घालत होता.

त्याच जोरावर त्याला अडुसष्टच्या दिवाळीनंतर दुसरा बंधारा मिळाला. ह्याच नदीवर, खाली दोन कोसावर, उंबरजाईला. दोन हंगामांचं काम. पहिल्या उन्हाळ्यात पाया आणि खांब, मधे पावसाळ्यात सुट्टी, दुसऱ्या उन्हाळ्यात उंबरे आणि बाकीचं. सोसायटीनं देखरेखीला ओव्हरसियर नेमला होता. सयाजी त्याचं नाव, हुपरीचा, चांदीकाम करणाऱ्या घरातला. पोरगेला, इस्त्रीचा शर्ट, पण उन्हात उभा राहायचा, सावली शोधायचा नाही.

पाया खणायला नदी एका अंगाला वळवली. मधल्या डबक्याचं पाणी इंजिनानं उपसायला सुरुवात केली. एक दिवस मिस्त्री बघतो तर एक बाई डबक्यात गुडघाभर उतरलीय आणि पदरानं काहीतरी गाळून बादलीत घालतेय. पन्नाशीची, काळीसावळी, कासोटा मारलेली. भोईवाड्यातली धोंडुबाई.

"ए बाई, काय न्हेतीस?"

"पोरं."

मिस्त्रीनं बादलीत डोकावलं. बोटाच्या पेराएवढी माशाची पिल्लं वळवळत होती.

"ह्येचं कालवण हुतंय?"

"ह्येचं काय हुतंय डोंबल. तुझ्या इंजिनानं डबकं आटालंय. वाहत्या पाण्यात सोडती."

"भोईण न्हवं तू? मासं धरायचं सोडून सोडत बसलीस?"

"तू बरगं घालून उन्हाळ्याला पाणी ठेवतोस की न्हाय? तसं समज." बाईनं बादली काठावर ठेवली आणि पदर पिळला. "खेरवाडीचा बंधारा तुजाच न्हवं?"

"माजाच." मिस्त्रीची छाती जरा पुढं आली.

"हितं बी तसलाच बांधणार?"

"त्येच्यापरास झ्याक. सांध्यात केस जाणार न्हाय."

"केसाचं कोण इचारतंय? मासा जाईल का?"

मिस्त्री हसला. म्हणाला, "पाणी जातंय तितनं मासा जाईल की. पावसाळ्यात मोऱ्या उघड्याच असत्यात."

धोंडुबाई हसली नाही. खाली बसली आणि वाळूत बोटानं रेघ ओढून दाखवू लागली, जशी काही तीच ओव्हरसियर. मिरगात मासा चढणीला लागतो. वरच्या खडकात, शेरणीच्या झुडपांच्या मुळात त्याला अंडी घालायची असतात. खेरवाडीचा उंबरा दोन हात उंच आणि आरशासारखा. त्यावरून पाणी पातळ होऊन सुटतं. मासा उडी मारतो, गुळगुळीत दगडावर आपटतो, खाली पडतो. परत मारतो, परत पडतो. शेवटी खाली दमून पडतो आणि पाटीत जातो.

"पयल्या वर्सी पाट्या भरून खाल्लं न्हवं समद्यांनी?" ती म्हणाली. "गाबोळी हुती का न्हाय प्रत्येकात? वर जायाला आल्यालं मासं ते. गेलं न्हाईत, तर म्होरं येणार कुठनं? खेरवाडीच्या वर माजं म्हायेर हाय, मेस्त्री. माज्या भावांनी जाळी आढ्याला टांगली आन् रस्त्याची खडी फोडाय लागली. हिकडं मी खालच्या अंगाला हाय म्हणून अजून चार मासं घावत्यात. आता ह्यो बंधारा माज्या खालनं येतोय. माजं बी जाळं टांगायचं का, तेवढं सांग. म्हंजे मी बी खडी फोडायचा हातोडा बघती."

मिस्त्रीला त्या रात्रीची भाकरी काही गोड लागली नाही. तीन दिवस तळलेली गाबोळी आठवत राहिली. पण गवंडी तो गवंडीच. दुसऱ्या दिवशी धोंडुबाई दिसली तसा म्हणाला, "बघितल्याबिगर मी मानत न्हाय."

"मग मिरगात खेरवाडीला ये. मी येती."

एकोणसत्तरच्या मिरगात दोघं खेरवाडीला गेले. मिस्त्री छत्री घेऊन, धोंडुबाई इरलं घेऊन. उंबऱ्याखाली उभं राहून मिस्त्रीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. एक खडस पाण्यातून वर आला, चांदीसारखा चमकला, आणि ज्या दगडावर मिस्त्रीनं आठ दिवस टाकी चालवली होती त्याच्यावर फाटकन आपटला. परत आला. परत आपटला. चौथ्या वेळेला मिस्त्रीनं मान फिरवली.

मान फिरवली ती काठाकडच्या कोपऱ्याकडं. आणि तिथं काय बघतो? ख्वाजानं बसवलेल्या त्या वाकड्यातिकड्या दगडांवरून पाणी उड्या मारत खाली येत होतं. मधल्या खळग्यांत ते घटकाभर थांबायचं, गिरकी घ्यायचं, मग पुढं पडायचं. आणि त्या खळग्यांतून मळ्या वर चढत होत्या. एका खळग्यातून दुसऱ्यात, दम घेऊन तिसऱ्यात. एक वांब दोरीसारखी दगडाच्या कडेकडेनं वळवळत गेली आणि उंबऱ्यावरून पलीकडं दिसेनाशी झाली. थोडेच होते, कोपराच केवढासा, पण जात होते.

छत्री कलती झालेली मिस्त्रीला कळली नाही. अर्धं अंग भिजलं.

"ह्यो कोपरा कुणी बांधला?" धोंडुबाईनं विचारलं.

मिस्त्रीनं छत्री सरळ केली. मग म्हणाला, "माज्या मेव्हण्यानं."

"हुशार हाय," धोंडुबाई म्हणाली.

आता ख्वाजाला कुणी हुशार म्हणालेलं मिस्त्रीनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण जे डोळ्यांना दिसलं ते नाकारायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं मनाशी ठरवलं, की उंबरजाईच्या शेवटच्या मोरीखाली असाच कोपरा करायचा, मोठा, रुंद, पायऱ्या-पायऱ्यांचा, तळापासून उंबऱ्यापर्यंत. ते साधलं तर भोईवाड्याची जाळी पाण्यात राहतील. नाही साधलं तर उंबरजाईच्या वर नदीत मासा म्हणून उरणार नाही, आणि ते पाप आपल्या थापीचं.

दुसऱ्या हंगामात त्यानं काम धरलं. काठाला शेरणीचं एक दाट बेट होतं; गड्यांनी ते उपटायला घेतलं तर मिस्त्रीनं थांबवलं, म्हणाला मासा वर जाताना हितं बसंल, राहू दे. मग नमुना म्हणून चार पायऱ्या लावल्या. धोंडुबाई बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही घाटाची पायरी झाली, मेस्त्री. हितं बायका धुणं धुतील."

खरंच होतं. दगड एका रेषेत, खळगे एका मापाचे, कडा सरळ. मिस्त्रीनं सगळं उपटलं, परत लावलं. डोळे मिटून दगड उचलायचा, वाकडा ठेवायचा, आणि डोळे उघडले की हात आपोआप त्याला सरळ करायचा. तीन दिवस असं चाललं. गडी पाठ फिरवून हसायचे. चौथ्या दिवशी मिस्त्रीनं थापी ठेवली, हुसेनबीला बरोबर घेतलं आणि कोडोलीची एस. टी. धरली.

ख्वाजा तेव्हा कोडोलीत लोकांचे गोठे बांधायचा. पाच वर्षं होत आली, बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. दाजी दारात बघून त्यानं चहा सांगितला, बहिणीची खुशाली विचारली आणि मिस्त्रीकडं न बघता म्हणाला, "काय वाट चुकली म्हणायची?"

"काम हाय तुज्याकडं."

"माज्याकडं? मला काय येतंय? पंचवीस गड्यांत सांगितल्यालं की तुमी, गाढवाला थापी दिली तर बरं बांधील."

"म्हणलंतो," मिस्त्री म्हणाला.

"मग गाढव बघा की. कोडोलीत लई हाईत."

हुसेनबी मधे पडली. "आता जास्ती ताणू नगंस. तीन दिस झाले, हे वाकडं बांधाय बघालेत. जमंना झालंय."

ख्वाजाला आधी कळेचना. मग मिस्त्रीनं खेरवाडीला बघितलेलं सगळं सांगितलं, आपटणाऱ्या खडसापासून वांबीपर्यंत, काही न लपवता. आणि शेवटी म्हणाला, "मला सरळ येतंय. तुला येतंय तसं वाकडं पायजे. शिकीव मला."

ख्वाजानं चहाची बशी खाली ठेवली. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ते पाणी सगळंच हसण्याचं नसणार, पण हुसेनबीनं पदरानं भावाचं तोंड पुसलं आणि तो विषय तिथं संपला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ख्वाजा उंबरजाईला हजर.

कामावर मात्र त्यानं सोडलं नाही. मिस्त्री दगड ठेवायचा, ख्वाजा मान हलवायचा. "लई सरळ झाला, दाजी. जरा बिघडवा." मिस्त्री बिघडवायचा. "अजून. तुमच्या हाताला लाज वाटतीय, तिला घरी ठिवून या." गड्यांची अशी करमणूक कधी झाली नव्हती. धोंडुबाई रोज दुपारी यायची आणि सांगायची, ह्यो खळगा उथळ, हितं मासा दम घेणार न्हाय. ही उडी मोठी, मळीला झेपायची न्हाय. ती सांगेल तिथं ख्वाजा दगड हलवायचा आणि मिस्त्री तो शिशासारखा पक्का बसवायचा. वाकडा, पण पक्का.

सयाजी ओव्हरसियर आठ दिवसांनी फेरीवर आला. कोपरा बघून त्याचा चेहरा उतरला.

"मिस्त्री, हे काय? नकाशात नाही हे."

"माशाची वाट हाय, साहेब."

सयाजीनं सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याची अडचण खरी होती. म्हणाला, "लोंढा आला आणि ह्यातला एक दगड सुटला, तर पाणी पायाशी खणत जाईल. खांबच जाईल. आणि हे दिसतं कसं? आमच्या घरात पैंजणाचा सांधा असा आला तर वडील परत भट्टीत टाकतात."

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. म्हणाला, "पैंजणाचं घुंगरू घट्ट बसवत्यात का सैल, साहेब?"

"सैलच. नाहीतर वाजणार कसं?"

"मग ह्यो कोपरा दिसायला तेवढा घुंगरू समजा. दगड समदं घट्ट हाईत."

सयाजीला हसू आलं, पण त्यानं अट घातली. पहिल्या लोंढ्यात एक जरी दगड हलला, तरी सगळा कोपरा फोडून गुळगुळीत करायचा, आणि पुन्हा ह्या नदीवर मिस्त्रीनं काम मागायचं नाही. लोंढ्यानंतर आठ दिवसांत मासा चढलेला दिसला नाही, तरी तेच. मिस्त्रीनं कागदावर सही केली. दुसरीपर्यंतच्या शाळेत शिकलेलं ते सगळ्यात महागाचं अक्षर.

सत्तरच्या मिरगात लोंढा आला. तांबडं पाणी, त्यात झाडांच्या फांद्या, गवताच्या पेंढ्या. दोन दिवसांनी पाणी जरा उतरलं तेव्हा सयाजी पहारीनं एकेक दगड ठोकून बघत फिरला. हलला नाही एकही. ख्वाजा मिशीवरून हात फिरवू लागला.

पण मासा चढेना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. खालच्या खळग्यांत मळ्या दिसायच्या, मधल्या पायरीपर्यंत यायच्या आणि तिथून वळून माघारी. चौथ्या दिवशी धोंडुबाई बोलायची थांबली. ती गप्प बसली की मिस्त्रीला ती ओरडते त्यापेक्षा जास्त लागायचं. पाचव्या दिवशी सकाळी ख्वाजा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला, मधल्या पायरीवर हात फिरवला आणि तिथूनच ओरडला.

"दाजी, ह्यो दगड कुणी घडला?"

मिस्त्री काठावरून नदीच्या दुसऱ्या टोकाकडं बघू लागला.

"अवो, तळहातागत सपाट हाय ह्यो. मी असला ठेवलाच न्हवता."

धोंडुबाईनं मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग हळूच म्हणाला, "एकच. समद्यात एकच म्हणलं सरळ असू दे. पाया पडत हुता माझ्या, मला घडा म्हणून."

झालं होतं असं, की काम संपल्यावर सगळे जेवायला गेले असताना मिस्त्रीच्यानं राहवलं नव्हतं. त्यानं तो एक दगड टाकीनं सपाट केला होता, खळगा बुजवला होता. त्यावरून पाणी पातळ होऊन सुटत होतं आणि मासा तिथंच हरत होता. खेरवाडीला अख्ख्या उंबऱ्यानं केलं, ते इथं एका दगडानं केलं.

"मेस्त्री," धोंडुबाई म्हणाली, "तुजा हात बांधून ठेवाय पायजे."

मग मिस्त्रीच पाण्यात उतरला. ख्वाजा नको म्हणत होता, वय झालंय म्हणत होता, पण त्यानं ऐकलं नाही. पहारीनं स्वतःचा घडलेला दगड उचकटला, लोटला, आणि ख्वाजानं वरून सोडलेला एक ओबडधोबड धोंडा त्या जागी रेटून बसवला, पाचरी ठोकल्या. दोघं बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. शेरणीच्या बेटाआड बसून विडी पेटवतात तोवर धोंडुबाईनं हात वर केला. पाण्याकडं बोट केलं.

एक मळी मधल्या खळग्यात आली. थांबली. शेपटी हलवत घटकाभर उभी राहिली. मग टुणकन वरच्या खळग्यात गेली. तिच्या मागं दुसरी. दुपारपर्यंत रांग लागली. संध्याकाळी एक खडस आला, चांगला दांडगा. दोनदा पडला, तिसऱ्यांदा उंबऱ्यावर चढला आणि वरच्या पाण्यात नाहीसा झाला. सयाजी इस्त्रीचा शर्ट चिखलात घालून काठावर पालथा पडून ते बघत होता. त्यानं तो सहीचा कागद तिथंच फाडला आणि पहिल्यांदा नकाशावर पेन्सिलनं तो कोपरा काढून घेतला, वाकडा होता तसाच.

पुढं मिस्त्रीनं आणखी तीन बंधारे बांधले, ऐंशी सालानंतर डोळे कमी झाले तेव्हाच थांबला. दरेक बंधाऱ्याला एक वाकडा कोपरा, आणि तो कोपरा दरवेळी ख्वाजाच्या हातचा; मिस्त्रीला त्या दिवसांत कामाच्या जवळपास फिरकायची बंदी असायची. हुसेनबी भाकरी घेऊन त्याला लांब झाडाखाली बसवून ठेवायची. म्हातारपणी तो तिथं बसून निवांत पान खायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, की आपला मेव्हणा ह्या जिल्ह्यातला सगळ्यात वाईट गवंडी आहे, आणि हे सांगताना त्याचा चेहरा असा फुललेला असायचा, की ऐकणाऱ्यानं गोंधळून जावं.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक काम राहिलं होतं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात धोंडुबाई मलकापूरला मिस्त्रीच्या दारात आली. पाटीत झाकून दोन मळ्या आणल्या होत्या. हुसेनबीच्या हातात पाटी दिली आणि म्हणाली, "उंबरजाईच्या वर आलं मासं. खेरवाडीच्या खाली येऊन थांबत्यात. माजं भाऊ अजून खडीच फोडत्यात, मेस्त्री."

मिस्त्रीला समजलं. ख्वाजाचा तो जुना कोपरा फार लहान होता. नदी मोठी, वाट बोळाएवढी. खेरवाडीचा उंबरा शेवटच्या दोन मोऱ्यांपाशी फोडावा लागणार होता. तोच उंबरा, ज्यात भूकंपानंतरही केस गेला नव्हता.

आकाराम चेअरमन ऐकायला तयार नव्हते. म्हणाले, "पंचक्रोशीतनं लोक बघाय येत्यात आमचा बंधारा. गावाचा दागिना हाय. त्याला छिन्नी लावू देऊ व्हय?" सयाजीनं उंबरजाईचा नकाशा दाखवला, धोंडुबाईनं भाऊ उभे केले. शेवटी आकाराम म्हणाले, "बरं. पण दुसऱ्या कुणाच्या हातनं न्हाय. ज्यानं बांधला त्यानंच फोडायचा." त्यांना वाटलं असावं, मिस्त्रीचा हात चालणार नाही.

चैत्र संपत आला होता, नदी आटली होती. सकाळच्या उन्हात मिस्त्री उंबऱ्यावर उतरला. पहिला घाव घालायच्या आधी त्यानं दगडावरून एकदा तळहात फिरवला, इतकंच. मग हातोडा उचलला. दुपार कलेपर्यंत दोन मोऱ्यांपुढचा उंबरा त्यानं फोडून काढला. ख्वाजा मागून धोंडे लावत आला, तिरके, बसके, खळग्या-खळग्यांचे. मिस्त्री एकदाही मागं वळून बघायला गेला नाही. घाम पुसत काठावर येऊन बसला, हुसेनबीनं दिलेलं पाणी प्याला.

आकाराम चेअरमन दिवसभर काठावर उभे होते. ते जवळ आले, खाली बसले आणि जरा दबक्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, खरं सांग. आठ दिस एकेका दगडावर बसलातास तू. आपल्याच हातचं असलं काम फोडताना जिवाला काय वाटलं?"

मिस्त्रीनं तांब्या खाली ठेवला.

"काय वाटायचं, चेअरमन? सदरा लई झ्याक शिवलाता, गळा तेवढा ठेवायचा ऱ्हायलाता. आता डोकं जातंय की."